पंचनाम्यानंतर

मुंबईत पावसाचं माप मिलिमीटर नाही. ‘किती पडला?’ असं विचारलं तर कुणी आकडा सांगत नाही. ‘हार्बर बंद आहे’, ‘स्लो ट्रॅकवर पाणी आलंय’, ‘अंधेरी सबवे भरला’, ‘बस हिंदमातापर्यंत जातेय, पुढे नाही’ ही आपली मापं. आणि याच मापाने संकट संपतंही. पहिली गाडी सुटली, की झालं. दुसऱ्या दिवशी डब्यात कोण कुठे अडकलं याच्या गप्पा, तिसऱ्या दिवशी मागच्या पानावरून पुढे. यात मी कुणाला नावं ठेवत नाही. हातावर पोट असलेल्यांच्या शहराने दुसरं काय करायचं? पण आमच्यासारख्यांची माणसं मुंबईत आणि जमीन रायगडात, त्यामुळे मला या मापाचा वैताग येतो. पाणी ओसरलं, वारा पडला, की सरकार, वर्तमानपत्रं, नातेवाईक सगळे मिळून नुकसान मोजायला बसतात. आणि नुकसान तर तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं.

२६ जुलै २००५ ची तारीख घेतल्याशिवाय मुंबईकराला पावसावर लिहिता येत नाही, म्हणून ती आधी उरकते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. कुलाब्याच्या ऑफिसातल्या माणसांना घरचे लोक फोनवर काय सांगताहेत ते खरंच वाटत नव्हतं. शहराची गटारं जुनी, तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील एवढीच, तीही ओहोटी असेल तर. आणि त्या दुपारी तीनच्या सुमाराला समुद्राला मोठी भरती होती. विहार आणि पवई तलाव भरून सांडत होते, ते सगळं मिठी नदीत येत होतं आणि मिठीला पुढे जायला जागा नव्हती.

आम्ही तेव्हा कुर्ल्याला, मिठीच्या अलीकडे, तळमजल्यावर राहायचो. पाणी दारातून येईल म्हणून आईने उंबऱ्याला गोणपाटं लावली, त्यावर पाटा ठेवला. ते आलं मोरीतून. जाळीतून आधी बुडबुडे, मग काळं पाणी, मग झुरळं. दार सांभाळत बसलेली आई मागे वळली तेव्हा स्वयंपाकघरात पिठाचा डबा तरंगत होता. पुढचं सगळ्यांचं सारखंच आहे. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे रात्र, मेणबत्ती, कुणाचा बाप आला नाही, कुणाची मुलगी शाळेतच राहिली.

मला सांगायचंय ते नंतरचं. काही दिवसांनी पंचनाम्याला साहेब आले. त्यांनी रेशनकार्ड मागितलं. वडिलांनी एका ताटलीत ठेवलेला लगदा पुढे केला. तो खरंच आमचा आहे हे पटवण्यात बराच वेळ गेला. मग वस्तू. गाद्या, फ्रिज, टीव्ही लिहून घेतलं. आईचं शिलाईचं मशीन होतं, पायाचं, त्यावर ती ब्लाउज शिवायची. ते छातीभर पाण्यात रात्रभर उभं होतं. साहेबांनी पायडल मारून बघितलं, चाक फिरलं. ‘चालतंय की,’ म्हणाले, आणि पुढच्या खोलीत गेले. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मशीन त्या दिवशी चालत होतं. गणपतीपर्यंत ते करकरायला लागलं, दसऱ्याला शटल अडकायला लागलं, आणि दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा ब्लाउजांचा ढीग लागतो तेव्हा, आतला गंज पुरता वर आला. त्या दिवाळीला आईने गिऱ्हाइकं परत पाठवली. त्यातली बरीचशी पुन्हा आलीच नाहीत.

भिंतींचंही तसंच. पाणी ओसरल्यावर त्या वाळल्या, रंग दिला, छान दिसल्या. पुढच्या पावसाळ्यात छातीइतक्या उंचीवर पोपडे आले, बरोब्बर एका रेषेत. त्याच्या पुढच्याही. शहरभर त्या ऑगस्टमध्ये लेप्टोची साथ आली, ती तरी निदान मोजली गेली, कारण हॉस्पिटलात नोंद होते. गंजाची आणि पोपड्यांची नोंद कुठे होणार?

मिठीवर पुढे चितळे समिती बसली, तिने काय बिघडलंय ते नीट लिहून दिलं. नदी रुंद झाली, भिंती आल्या, हाजीअली, इर्ला, वरळी असे पाणी उपसणारे पंप बसले. काही ठिकाणी खरोखरच फरक पडलाय. हिंदमाताला जमिनीखाली टाक्या बांधल्यापासून तिथलं पाणी लवकर उतरतं, हे मी रोज तिथून जाणाऱ्यांकडूनच ऐकलंय. पण विमानतळाच्या धावपट्टीपाशी नदी काटकोनात वळवलेली आहे, आणि जिथे भरतीचं पाणी पसरायचं त्या खाजणावर वांद्रे-कुर्ला संकुल उभं आहे. हे आता कोण मागे घेणार? त्या काचेच्या इमारतींत हवामान बदलावर परिषदा होतात, असंही ऐकते. असो.

२००५ च्या त्याच पावसाने त्याच सुमाराला महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी कोसळल्या. दीडशेहून जास्त माणसं गेली. मुंबईत ‘छब्बीस जुलै’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर जुई येत नाही. दासगावची वाचलेली माणसं पुढे वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. मुंबई-गोवा महामार्गावरून गणपतीला गावी जाताना आम्ही त्यांच्या अंगावरूनच जायचो.

आमचं गाव श्रीवर्धनच्या बाजूचं. सुपारीचा मुलूख. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे काय हे पान खाणाऱ्याला सांगावं लागत नाही. आमची वाडी काही मोठी नाही, चौदा गुंठे. त्यात नारळ, सुपारी, कडेला जायफळ, नारळावर चढवलेली मिरी. कसणारा माझा चुलतभाऊ, दादा. बाकी सगळे मुंबईकर, म्हणजे मे महिन्यात आंबे खायला आणि गणपतीला आरत्या म्हणायला जाणारे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. लॉकडाऊन चालू होता, आम्ही घरात कोंडलेलो, दिवसभर टीव्हीसमोर. वादळ मुंबईवर येणार म्हणून सगळे कॅमेरे वरळी, वांद्रे, मरिन ड्राइव्हला. दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि मुंबई वाचली. संध्याकाळी निवेदकांच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. आमच्या इमारतीत एकाने गच्चीवरून ‘गणपतीबाप्पा मोरया’ असंही ओरडून घेतलं. मला दादाचा फोन लागत नव्हता. गावाकडे कुणाचाच लागत नव्हता, कारण टॉवर पडले होते, खांब पडले होते. वीज तर पुढे कितीतरी आठवडे नव्हती. फोन आला तो दादा कुठल्याशा टेकाडावर चढून रेंज शोधत गेला तेव्हा. मी म्हटलं, ‘सगळे बरे आहात ना?’ तर म्हणाला, ‘माणसं बरी आहेत. वाडीत आकाश दिसतंय.’

ज्याने सुपारीची वाडी पाहिली नसेल त्याला हे वाक्य कळायचं नाही. वाडीत आकाश दिसत नाही. मे महिन्यातसुद्धा आत शिरलं की अंगाला गारवा लागतो, पायाखाली पाटाचं पाणी, वर झावळ्यांचं छप्पर. सुपारीचं झाड म्हणजे मनगटापेक्षा जरा जाड खोड आणि डोक्यावर मूठभर पानं. एकटं झाड उभं राहायला लायक नसतं. ती राहतात एकमेकांच्या आधाराने आणि सावलीने. पाडप करणारा, म्हणजे सुपारी उतरवणारा गडी एका झाडावर चढला की खाली न उतरता झोका घेऊन दुसरं धरतो, दुसऱ्यावरून तिसरं, इतकी ती जवळ असतात.

लॉकडाऊनमधल्या प्रवासाचा ई-पास मिळून मी तिथे पोहोचले तोवर वाटा मोकळ्या झाल्या होत्या. कौलं आणि सिमेंटचे पत्रे मिळत नव्हते, मिळत होते ते वाटेल त्या भावाने. घरांवर निळ्या ताडपत्र्या आणि ताडपत्र्यांवर पाऊस. वाडीत खोडं एकमेकांवर आडवीतिडवी पडली होती. ती काढायलाच मजुरी द्यावी लागणार होती. सुपारीचं खोड कुणी विकतही घेत नाही. मांडवाला घाला नाहीतर पन्हळ करा. आणि या सगळ्यात मधूनमधून काही झाडं चक्क उभी होती. मला ती बघून बरं वाटलं. दादाला नाही वाटलं. ‘ही पण गेलीच,’ तो म्हणाला. का, ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. सावलीत वाढलेल्या सुपारीच्या खोडावर पश्चिमेचं ऊन थेट पडलं, की ते भाजतं. आधी पिवळा डाग, मग तो तपकिरी होतो, मग साल तडकते, उभी चीर जाते. झाड लगेच मरत नाही. चिरलेल्या खोडावर पानं हिरवी राहतात, थोडीफार सुपारीही धरते. मग एखाद्या बऱ्यापैकी वाऱ्याला मधूनच कटकन मोडतं.

तलाठ्यांनी मोजली ती पडलेली झाडं. उभ्या झाडांचं काय, असं दादाने विचारलं. ती उभी आहेत, असं उत्तर मिळालं. मला आईचं मशीन आठवलं.

फळबागेसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले होते. ऐकायला बरा आकडा आहे. पण कोकणात हेक्टर कुणाकडे आहे? एका हेक्टरात साधारण शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. गुंठ्यात बारा-तेरा सुपाऱ्या उभ्या असतात, त्या धरल्या तर झाडामागे जेमतेम चाळीसेक रुपये. नवीन रोप लावल्यापासून पहिली सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, भरात यायला आणखी काही. ओरड झाल्यावर नारळ-सुपारीचा हिशेब क्षेत्रावर न करता झाडावर करायचं ठरलं, हे मान्य केलं पाहिजे. कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. तरी मोजणी झाडाचीच. सावलीची नाही, पुढच्या सात वर्षांची नाही, झोका घेणाऱ्या गड्याचीही नाही, जो त्या वर्षी गोरेगावला वॉचमनच्या नोकरीला लागला आणि अजून तिथेच आहे.

आणि मग सातबारा. आमच्या वाडीवर अकरा नावं. त्यातली चार माणसं हयात नाहीत, त्यांच्या वारसांची नोंद कुणी केलेली नाही, कारण आजवर कधी गरज पडली नव्हती. मदत दादाच्या खात्यात जमा व्हायची तर बाकीच्या सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र हवं. ती जबाबदारी मुंबईकर म्हणून माझ्यावर. रायगडातलं चक्रीवादळ माझ्या पिशवीत बसून लोकलने फिरलं, असं म्हणायला हरकत नाही. डोंबिवलीची आत्या, गिरगावातले भाऊकाका, नालासोपाऱ्याचे दोघे चुलतभाऊ, विरारची ताई. लोकल तेव्हा सगळ्यांना खुल्या नव्हत्या, म्हणून काही सह्यांसाठी बस, काहींसाठी महिनोन् महिने थांबणं. आत्याने सही करून वर दादाला द्यायला म्हणून पाकीट दिलं, आत पैसे होते. भाऊकाकांनी तासभर वाडीतल्या विहिरीच्या आठवणी सांगितल्या आणि शेवटी चष्मा सापडत नाही म्हणून अंगठा देऊ का विचारलं. विरारच्या ताईने सही केली नाही. ‘आज संमती, उद्या हक्कसोड,’ ती म्हणाली. ‘असंच झालं होतं माझ्या सासरी.’ मी तिला पटवायला बघितलं, पण तिचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. कोकणात असे कागद कुठून कुठे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. जी रक्कम एवढ्या लोकांत वाटून प्रत्येकी हजारावरही जाणार नव्हती, तिने घरातली जुनी खरूज उकरून काढली. हेही वादळाचंच नुकसान, पण त्याला रकाना नाही.

जमिनीचं तर याहून चेंगट असतं. पेण-अलिबागकडे खाडीलगतच्या गावांत जुन्या लोकांनी मातीचे बांध घालून खारं पाणी अडवलं आणि आत भातशेती केली. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली, की खारं पाणी शेतात. ओहोटीला ते परत जातं. शेत पुन्हा जसंच्या तसं दिसतं, एखादा वाटसरू म्हणेल काहीच झालेलं नाही. पण मीठ मागे राहतं. ते धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात, तेही बांध लगेच बांधला तर. नाही बांधला, तर चार-सहा वर्षांत शेतात कांदळवन, म्हणजे खारफुटी, उगवतं. कांदळवन आलं, की कायद्याने त्याला हात लावता येत नाही. इथे मुंबईत राडारोडा टाकून खारफुटी मारतात म्हणून आपण कोर्टात जातो, आणि योग्यच करतो. तिथे ज्याला भात हवा होता त्याच्या शेतात ती न मागता येते. सातबारावर शेत, प्रत्यक्षात चिखल. त्या माणसाचा मुलगा मग पनवेलला रिक्षा चालवतो. आपण त्याच्या रिक्षात बसतो तेव्हा त्याच्यामागे एक फुटलेला बांध आहे हे आपल्याला कळायचं काही कारण नसतं.

दरडींबद्दल मी फार लिहू शकत नाही, हात धजत नाही. माळीण गाव ३० जुलै २०१४ ला गाडलं गेलं, ते आधी कुणाला कळलं तर एसटीच्या ड्रायव्हरला, कारण नेहमीच्या जागी गावच दिसेना. २०२१ च्या जुलैत महाडचं तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी, ठाकर आदिवासींची वस्ती, मुंबईपासून दोन-अडीच तासांवर. वर रस्ता नव्हता म्हणून जेसीबी नेता आला नाही, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर नाही. माणसं चिखलातून डोंगर चढून हातांनी माती उपसत होती. काही दिवसांनी शोध थांबवला आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत धरलं. सापडलेल्यांपेक्षा न सापडलेले जास्त. ज्या डोंगरउतारावर त्यांची नाचणी-वरी होती, ज्या वाटेने ते करवंदं, रानभाज्या घेऊन खाली चौक गावात विकायला यायचे, ते सगळं त्यांच्या माणसांवरची माती झालं. वाचलेल्यांना खाली कंटेनरमध्ये ठेवलं, पुढे घरं बांधून दिली. घर मिळालं हे वाईट कसं म्हणू? पण डोंगर चढून उतरून जगणाऱ्या माणसाला सपाटीवर घर दिलं की तो रोज काय करणार, हे पुनर्वसनाच्या नकाशात दिसत नाही. किल्लारीच्या १९९३ सालच्या भूकंपानंतर गावंच्या गावं नव्या जागी हलवली, तिथेही शेत एकीकडे आणि घर दुसरीकडे ही तक्रार होतीच. तीस वर्षांत एवढं तरी शिकायला हवं होतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. या वेळी मुंबईनेही तडाखा खाल्ला. माहीम, मढ, कफ परेडला कोळ्यांच्या होड्या एकमेकींवर आदळून फुटल्या, रस्तोरस्ती झाडं आडवी झाली. ही झाडं पडतात तेव्हा त्यांची मुळं जरूर बघा. खोडाभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवलेले असतात, मुळं पसरायला वाव नसतो, झाड फुटपाथचा चौकोनी तुकडा उचलून पडतं. तेवढीच त्याला जागा दिलेली असते. आमच्या वाडीत वादळाची नुसती शेपटी लागली, जोर काही खास नव्हता. पण त्यात उन्हाने चिरलेल्या सुपाऱ्या मोडल्या. जवळजवळ सगळ्या.

पंचनाम्याला या खेपेस दुसरे तलाठी होते, तरुण, भला मुलगा. दादाने त्याला चिरलेली खोडं दाखवली, भाजलेली बाजू हाताने चाचपून दाखवली, म्हणाला, ही झाडं तौक्तेने नाही पडलेली, ही निसर्गाची आहेत. मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘काका, निसर्गाची फाईल बंद झाली. तौक्तेत लिहितो, काहीतरी मिळेल.’ आणि त्याने तसं लिहिलं. सरकारी दप्तरात आमच्या वाडीला तौक्तेने जितकं झोडपलं तितकं प्रत्यक्षात झोडपलेलंच नाही. उद्या कुणी अभ्यासक ही आकडेवारी घेऊन कुठलं वादळ कुठे किती जोरात लागलं याचा नकाशा काढेल, तर त्याला माझा आधीच नमस्कार.

मला वाटतं तलाठ्याने परत यावं. एकदा वारा पडल्यावर, मग पुढच्या उन्हाळ्यात, मग तिसऱ्या वर्षी, नुसतं बघायला. झाड उभं आहे की चिरलंय, शेतात भात आहे की खारफुटी, मशीन चालतंय की गंजलंय. दादाला हे सांगितलं तर तो हसला. ‘एकदा येतो त्याला चहा पाजताना जीव जातो,’ म्हणाला.

त्याने केळी लावून त्यांच्या सावलीत सुपारीची रोपं धरली आहेत. केळीनेच सध्या घर चालतं. रोपं बरी आहेत, दक्षिणेच्या बाजूची थोडी मागे पडली आहेत. विरारची ताई अजून संमतीपत्रावर सही करायला तयार नाही, पण वारसनोंद करून तिचं नाव सातबारावर रीतसर लावलं तर करीन म्हणते. मला हे पटतं. तेव्हा येत्या एप्रिलमध्ये मी, ती आणि नालासोपाऱ्याचे दोघं मृत्यूचे दाखले घेऊन श्रीवर्धनला जाणार आहोत. पावसाच्या तोंडावर नको, असं दादाने बजावलंय. त्या दिवसांत तलाठी ऑफिसात भेटतीलच असं नाही.